शिक्षिकेची मैफल

गेल्या वर्षी ऑक्टोबरात रात्री अकराच्या सुमारास माझ्या भाचीचा ओहायोहून फोन आला. ती तिथे संगीत-शिक्षण या विषयाच्या पदवीच्या चौथ्या वर्षाला होती, वाद्य क्लॅरिनेट. "मावशी, हिअरिंगला मला थांबवलं. तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. तेव्हाही नाही जमलं तर जानेवारीत शाळेवर शिकवायला जाता येणार नाही." मग जरा थांबून म्हणाली, "मला शाळेतल्या मुलांचा बँड शिकवायचाय. सोलो वाजवून पोट भरायचं नाहीये. मग हे माझ्याकडून का मागतात?"

मी गाण्यात विशारद केलेली, तीस वर्षे शिकवण्या घेणारी. तरी उत्तर चटकन सुचले नाही. म्हणून शोधायला बसले.

'रिसायटल' हा शब्द मुळात काव्यवाचनाचा. १८४० साली लंडनमध्ये फ्रान्झ लिस्टच्या पियानोवादनाची जाहिरात या शब्दाने झाली आणि तो संगीतात रुजला. त्याआधी दोनच वर्षे, १८३८ मध्ये, लोवेल मेसन यांच्या प्रयत्नांनी बॉस्टनच्या सार्वजनिक शाळांत संगीत हा विषय शिरला होता. एक परंपरा थोर कलावंताची, दुसरी शाळामास्तराची. भाचीच्या अंगावर आलेली अट या दोहोंच्या सांध्यावर उभी आहे.

अमेरिकेत संगीताच्या पदव्यांचे निकष 'नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिक' ही १९२४ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. वादक-गायक होऊ पाहणाऱ्यांसाठी शेवटच्या वर्षाचे रिसायटल ती अत्यावश्यक मानते. शिक्षक होणाऱ्यांच्या अभ्यासक्रमात साधारण निम्मा वाटा संगीताचा, ३० ते ३५ टक्के सामान्य विषयांचा आणि १५ ते २० टक्के अध्यापनशास्त्राचा असतो. एकल वादनाचा अनुभव त्यांनाही हवाच. त्याचे रूप मात्र बरेचसे त्या त्या विद्यालयावर सोपवलेले. म्हणून सर्वसाधारण रीत अशी पडली आहे की वादकाने तासाभराचा कार्यक्रम करायचा आणि भावी शिक्षकाने अर्ध्या तासाचा.

अर्धा तास ऐकायला थोडा वाटतो. पण त्याआधीची वाट लांब आहे. त्या सत्रात गुरूकडची वैयक्तिक तालीम चालू असली पाहिजे. वेगवेगळ्या काळांतल्या आणि शैलींतल्या रचना निवडून त्या गुरूंकडून मंजूर करून घ्यायच्या. पियानोची साथ करणारा गाठायचा, आणि पुष्कळदा त्याचे मानधनही विद्यार्थ्यानेच द्यायचे. सभागृहाची तारीख धरायची, रचनांवर टिपणे लिहायची. गायकांना आणि पियानोवादकांना सहसा सगळे पाठ लागते; भाचीसारख्यांना पियानोसोबतची सोनाटा कागद समोर ठेवून वाजवता येते. आणि कार्यक्रमाच्या काही आठवडे आधी हिअरिंग: दोन-तीन अध्यापकांपुढे सगळा कार्यक्रम तयार ठेवून उभे राहायचे, ते मागतील तो भाग वाजवायचा. इथे पास झाले तरच मंच. आणि मंच पार पडल्यावरच, निदान तिच्या विद्यालयात, शाळेवरचे अध्यापनाचे सत्र.

तिने वेबरचे १८११ सालचे 'कॉन्चर्टिनो', स्ट्राविन्स्कीचे एकट्या क्लॅरिनेटसाठीचे तीन तुकडे आणि पुलांकची सोनाटा निवडली होती. ही सोनाटा पुलांकच्या मृत्यूनंतर, १९६३ मध्ये, बेनी गुडमन आणि लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी न्यूयॉर्कमध्ये प्रथम सादर केली. स्ट्राविन्स्की उत्तम झाला. पुलांकला घसरगुंडी झाली. परीक्षकांचा शेरा तिने मला वाचून दाखवला. त्याचा आशय असा, की बोटे तयार आहेत, सूर स्वच्छ आहे, पण ती स्वतःलाच ऐकते, पियानो ऐकत नाही.

मला माझी विशारदची परीक्षा आठवली. आपल्याकडेही मंचप्रदर्शन असते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गवयांइतकीच त्यांना उपदेशकांची, म्हणजे गावोगाव जाऊन शिकवणाऱ्यांची, गरज होती. त्यांच्यासाठी वेगळा वर्ग होता.  माझ्या वेळी मी डोळे मिटून गायले आणि तबलजी माझ्या मागे धावत राहिला. पास झाले. कुणी थांबवले नाही. पुढे शिकवताना कितीतरी वर्षांनी उमगले की समोरच्या मुलीचा श्वास कुठे तुटतो हे मी ऐकतच नव्हते; मी माझेच गाणे तिच्याकडून परत मागत होते.

तेच मी तिला लिहून पाठवले. चाळीस मुलांच्या बँडपुढे उभे राहणाऱ्याला बोटांपेक्षा कान जास्त लागतात. आपण वाजवत असताना दुसऱ्याचे ऐकू येणे ही शिक्षकाची पहिली तयारी, आणि ती पुस्तकातून तपासता येत नाही. एकल म्हणवणाऱ्या कार्यक्रमात खरी परीक्षा असते ती सोबतीची. तिचे उत्तर आले, "पियानोवाल्याबरोबर रोज सकाळी आठला बसतेय. त्याचा भागही पाठ करतेय."

दुसऱ्या हिअरिंगला ती पास झाली. नोव्हेंबरात कार्यक्रम झाला, तेव्हा आमच्याकडे पहाटेचे सहा वाजले होते. चहाचा कप हातात धरून मी तो संगणकावर पाहिला. सोनाटाच्या मधल्या संथ भागात एका ठिकाणी पियानो किंचित रेंगाळला आणि ती त्याच्यासाठी थांबली. कुणाच्या लक्षातही आले नसेल.

जानेवारीत ती शाळेवर रुजू झाली. पहिल्याच आठवड्यात सहावीतल्या एका मुलाने विचारले, "तुम्हाला स्वतःला वाजवता येतं का?" तिने पेटी उघडून क्लॅरिनेट जोडले. आता ती अट का होती, हे तिने मला पुन्हा विचारलेले नाही.