ट्रॉली ओढणाऱ्या जीपला पाटे कोणते घालावेत?

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील बऱ्याच बागायती चढउताराच्या जमिनीवर आहेत. मार्च-एप्रिलात काजूची बोंडे भट्टीवर न्यायची, पावसाआधी शेणखत आणायचे, पॉवर टिलर एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात पोचवायचा, अशा कामांना ज्यांच्याकडे फोर-व्हील जीप आहे ते तिच्यामागे लहान ट्रॉली जोडतात. पण हीच जीप रात्री-अपरात्री आजाऱ्याला म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला नेते आणि रविवारी घरातील म्हाताऱ्या माणसांना मिस्साला पोचवते. म्हणून तिचे पाटे बदलताना नुसत्या ओझ्याचा विचार करून भागत नाही.

पाटे बसले, मागची बाजू खाली गेली, की शेतकरी मिस्त्रीला सांगतो, "आणखी दोन पाटे घाल." ही खोड ट्रकांवरून आली आहे. डिचोलीच्या खाणपट्ट्यात वर्षानुवर्षे खनिजाचे ट्रक धावले, आणि ट्रकाला जाड पाटे लागतातच. परंतु ट्रकाचा हिशेब जीपला लावू नये. ट्रक एका खेपेत कित्येक टन भरून जातो. जीप बहुतेक दिवस दोन माणसे आणि एक पिशवी घेऊन फिरते.

आधी ओझे किती आहे ते पाहावे. ट्रॉलीचे सगळे वजन पाट्यांवर येत नाही. ट्रॉलीच्या दांड्याचे टोक हुकावर जितके दाबते तितकेच येते. माल भरलेली ट्रॉली ८०० किलोची असेल, तर हुकावर साधारण दहावा भाग, म्हणजे ८० किलो यावेत. माणसांचे वजन करायचा साधा काटा हुकाइतक्या उंच ठोकळ्यावर ठेवून, चाकांना दगड लावून, दांडा त्यावर टेकवला की आकडा समजतो. आता हुक मागच्या आसापासून एक मीटर मागे आणि पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर धरा. मागच्या आसावर ८० नव्हे, तर ११२ किलो वाढतात, आणि पुढच्या चाकांवरचे ३२ किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलके लागते, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि ओल्या उतारावर पुढची चाके हवी तशी वळत नाहीत. मागे फार बसलेली गाडी म्हणूनच धोक्याची.

पुष्कळदा पाटे बदलण्याची गरजच नसते. पोती दांड्याकडे रचल्यामुळे हुकावर १२०-१३० किलो आलेले असतात. ती आसावर सरकवली की गाडी वर येते. मात्र सगळा माल मागे लोटू नये. दांडा हलका झाला की ट्रॉली वेगात शेपटीसारखी डुलू लागते, आणि ते अधिक वाईट.

माल नीट रचूनही गाडी बसत असेल तर सपाट जागी रिकामी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचे माप घ्यावे. मग ट्रॉली जोडून पुन्हा घ्यावे. नेहमीच्या ओझ्याखाली पाटे उलटे वाकत असतील, किंवा आस वरच्या रबरी ठोकळ्याला आपटत असेल, तर पाटे गेले. चीर गेलेला पाटा तर लगेच काढावा. त्याला वेल्डिंग करणे म्हणजे शुद्ध अडाणीपणा. गॅसच्या ज्योतीने तापवून दिलेला वाकही टिकत नाही, कारण पोलादाला दिलेले पाणी उतरते.

जाडीचा हिशेब डोळ्यांना फसवतो. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत तसाच सहावा घातला तर ताठपणा साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो. पण सहा मिलिमीटरच्या सगळ्या पाट्यांऐवजी सात मिलिमीटरचे घातले तर तो दीडपटीहून जास्त होतो. असे पाटे ट्रॉलीखाली शोभतात. रिकाम्या गाडीत मात्र प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यात चढतो. सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे हिसके कण्याला सर्वांत जास्त बाधतात. कंबरदुखी, मणक्यातील चकतीचा त्रास, गरोदर बाई किंवा हाड मोडलेला माणूस घरात असेल तर याचा विचार आधी करावा. लांब गाडी हाकून आल्यावर चालकाने लगेच पोते उचलू नये. थोडा वेळ चालून पाठ मोकळी करावी.

ज्यांची ट्रॉली हंगामापुरतीच चालते त्यांनी मूळ मापाचे पाटे घेऊन वर हेल्पर पाटा बसवून घ्यावा, असे माझे मत आहे. गाडी रिकामी असताना तो मोकळा राहतो, ओझे आले की टेकतो. ज्यांच्यामागे रोज ट्रॉली असते, त्यांनी एक टप्पा वरचे पाटे घ्यावेत, त्याहून अधिक नको. वाक जास्त असलेले, गाडी उंच करणारे पाटे तरुणांना आवडतात. परंतु फोर-व्हीलला पुढेही प्रोपेलर शाफ्ट असतो, त्याचा कोन बिघडून क्रॉस झिजतात आणि ब्रेकचे होजपाइप ताणले जातात. जिप्सी आणि जुन्या जीपांना चारही चाकांवर पाटे आहेत. २०२० साली आलेल्या थारला मागेही गुंडाळीचे स्प्रिंग आहेत, तेथे हेल्पर पाट्याचा प्रश्न येत नाही.

आणखी एक समजूत काढून टाकली पाहिजे. जाड पाट्यांनी गाडीची क्षमता वाढत नाही. आस, टायर, ब्रेक आणि चासी होती तीच राहते. कंपनीच्या पुस्तकात ओढण्याची जी मर्यादा दिली आहे तीच खरी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रॉलीचीही नोंदणी लागते.

बसवताना दोन्ही बाजूंचे पाटे जोडीने बदलावेत. सेंटर बोल्टाचे छिद्र काही पाट्यांत बरोबर मध्यावर नसते. पाटा उलटा बसला तर आस पुढे-मागे होते, म्हणून जुना काढण्यापूर्वी खडूने खूण करावी. यू-बोल्ट नवेच घालावेत. रबरी बुशांचे बोल्ट गाडी जमिनीवर उतरवून, चाकांवर वजन आल्यावरच शेवटचे आवळावेत; जॅकवर आवळले तर बुश पिळवटून फाटतात. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

हरमल, मोरजी, केरीकडे खारी हवा पाट्यांच्या फटींत गंज धरते. डिचोलीकडे तांबडी धूळ बसते आणि पावसात तिचा चिखल होतो. पावसाळा संपला की फटी पाण्याने धुऊन, वाळवून ग्रीस द्यावे. जळके तेल फासण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण ते रबरी बुशांना लागू देऊ नये. रबर फुगून मऊ होते.