एका सागवानी जहाजाचे दीर्घायुष्य

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पिक्टन नावाचे लहानसे बंदर आहे. तेथील सुक्या गोदीत, छपराखाली, एका जुन्या जहाजाचे कलेवर जतन करून ठेवले आहे. त्यावर डोलकाठी नाही, शीड नाही. तरीही भारतीय माणसाने त्याची ओळख करून घ्यावी. कारण या ‘एडविन फॉक्स’ जहाजाचा जन्म १८५३ साली हुगळीच्या काठी, हावड्याजवळील सालकिया येथे झाला.

त्याच्या दीर्घायुष्याचे पहिले रहस्य म्हणजे साग. या लाकडात निसर्गतःच तेल असते. त्यामुळे पाणी त्यात सहजी मुरत नाही आणि लाकूड पोखरणारे समुद्रकिडे त्याला लवकर दाद देववीत नाहीत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेल्या जहाजांची कीर्तीही याच गुणावर उभी होती.

दुसरे रहस्य म्हणजे पडेल ते काम करण्याची तयारी. वेगाबद्दल या जहाजाचा लौकिक कधीच नव्हता. मालवाहू म्हणून निघालेल्या या जहाजाने क्रिमियाच्या युद्धात सैनिक वाहिले. १८५८ साली २८० बंदिवान पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलला नेऊन पोचविले. १८७३ ते १८८० या काळात चार खेपांत वसाहतकऱ्यांची कुटुंबे न्यूझीलंडला उतरविली. परंतु १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींपुढे शिडांचा टिकाव लागेना. तेव्हा, उतारवयात बैलाला घाण्याला जुंपावे तसे, १८८५ साली त्यावर बर्फयंत्रे बसवून मांस गोठविण्याचे काम त्याच्याकडे आले. १८९७ साली ते पिक्टनला पोचले आणि पुढे अनेक वर्षे केवळ कोळशाची तरती वखार होऊन राहिले.

१९६५ साली काही जहाजप्रेमींनी ते अवघ्या एका शिलिंगास विकत घेतले. डोलकाठ्या उभारून त्याला पूर्वरूप द्यावे, हा त्यांचा मूळ मनोरथ होता. पण कुजलेली प्रत्येक फळी बदलली, तर हुगळीकाठचे असे उरणार काय? नवे जहाज दिमाखदार दिसले असते. मात्र जुने नाहीसे झाले असते. म्हणून अखेर आहे तेच राखण्याचे ठरले. १९८६ साली ते पुन्हा पाण्यावर तरंगते करून पिक्टनला आणले आणि १९९९ साली सुक्या गोदीत ठेवले.

तेथेही त्याची काळजी संपलेली नाही. दीर्घकाळ पाण्यात राहिलेले लाकूड वाळू लागले की आकसते, तडकते. त्यावर सतत लक्ष ठेवावे लागते. प्रेक्षक आज त्याच्या पोटात उतरून त्या काळ्या पडलेल्या बरगड्या पाहू शकतात. ज्या सुतारांनी त्या एकमेकींशी सांधल्या, त्यांच्या हातचे काम तेथे अजून जसेच्या तसे दिसते. डागडुजी करून मिळालेल्या कोणत्याही नव्या शोभेहून त्याचे मोल अधिक आहे.