काच पुसायची नाही, धुवायची

जमिनीवर उभं राहून वरच्या खिडक्या धुणाऱ्या लांब दांड्याचा विषय निघाला की सगळे दांड्याच्याच किमतीवर अडतात. माझ्या मते खर्च करायचा तो पाण्यावर. काचेवर पांढरे डाग पडतात ते पाणी वाळल्यावर मागे उरलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे. पाण्यात क्षारच नसतील तर काच न पुसताही स्वच्छ वाळते. म्हणून टीडीएस मीटरवरचा आकडा शून्याच्या जवळ हवा. घरच्या आरओचं पाणी सहसा तेवढं शुद्ध नसतं. त्यापुढे क्षार शोषणाऱ्या रेझिनचा फिल्टर जोडावा लागतो. उरलं ते सोपं: रंगाऱ्याचा लांबवता येणारा दांडा, मऊ ब्रश, बारीक नळी आणि 12 व्होल्टचा छोटा पंप. पाणी 6 मीटर चढवायला जेमतेम 0.6 बार दाब लागतो, शिवाय नळीतल्या घर्षणापुरता थोडा.

आरओत पाणी वाया जातं, हा आक्षेप खरा आहे. ते बाहेर पडणारं पाणी फरशी पुसायला ठेवावं. कार्बन फायबरचा दांडा हलका, हेही खरं, पण पहिल्या मजल्याच्या खिडक्यांसाठी त्याची गरज नाही. विजेबाबत मात्र तडजोड नको. अॅल्युमिनियममधून वीज वाहते, तशीच कार्बन फायबरमधूनही. तारा जवळ असतील तिथे दांडा उचलूच नये, मग तो कशाचाही असो.