१००९ धावा, आणि त्यानंतर? लहान वयात 'स्टार' झालेल्या मुलांचं पुढे काय होतं?

गावातल्या एखाद्या मुलाच्या बॅटिंगची रील व्हायरल झाली की खालच्या कमेंट्स ठरलेल्या असतात. 'पुढचा सचिन', 'याला आयपीएलमध्ये घ्या'. रत्नागिरीकरांना तर हे स्वप्न आणखी जवळचं वाटतं, कारण २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगचं पहिलंच विजेतेपद रत्नागिरी जेट्सने पटकावलं. पण इतक्या लवकर झालेल्या कौतुकाचं पुढे काय होतं? कल्याणच्या प्रणव धनावडेच्या उदाहरणातून समजून घेऊया.

नेमकं काय घडलं होतं?

जानेवारी २०१६. भंडारी कप ही १६ वर्षांखालील मुलांची आंतरशालेय स्पर्धा. १५ वर्षांच्या प्रणवने ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. १२९ चौकार, ५९ षटकार. ए. ई. जे. कॉलिन्सचा ६२८ धावांचा १८९९ पासूनचा विक्रम मोडला. रिक्षाचालकाच्या घरी कॅमेऱ्यांची रांग लागली. सचिन तेंडुलकरने बॅट भेट दिली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने पाच वर्षांसाठी दरमहा १० हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली.

मग गणित कुठे बिघडलं?

विक्रम खराच होता. पण समोरच्या संघात प्रणवपेक्षा बरीच लहान मुलं होती आणि मैदानाची एक बाजू आखूड होती. हे बातम्यांतही आलं होतं, शेअर मात्र फक्त आकडा झाला.

काही महिन्यांनी आणखी एक पोस्ट फिरली: 'पश्चिम विभागाच्या १६ वर्षांखालील संघात अर्जुन तेंडुलकर आहे, प्रणव का नाही?' खरं कारण साधं होतं. विभागाचा संघ राज्य संघटनांच्या संघांतून निवडला जातो, आणि प्रणव त्या मोसमात मुंबईच्या संघात नव्हता.

२०१७ मध्ये प्रणवचा फॉर्म हरवला. तेव्हा त्याच्या वडिलांनीच असोसिएशनला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं.

हे फक्त क्रिकेटमध्येच होतं का?

नाही. जाळीच्या काठीने चेंडू झेलून गोल करण्याचा लॅक्रॉस हा खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये असणार आहे. अमेरिकेत या खेळात आठवी-नववीतल्या मुलांना कॉलेजचे प्रशिक्षक तोंडी शब्द देऊन ठेवत. हा शब्द कुणालाच बंधनकारक नसे. प्रशिक्षक बदलला किंवा मुलाचा खेळ घसरला, की जागा जाऊ शकत असे. शेवटी २०१७ मध्ये नियम आला: अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी प्रशिक्षकांनी भरतीसाठी मुलांशी बोलायचंच नाही.

लवकर केलेली निवड का चुकते?

१३-१४ व्या वर्षी काही मुलं झपाट्याने वाढतात, काही उशिरा. तेव्हा जे कौशल्य वाटतं, ती कधी कधी नुसती उंची आणि ताकद असते. बाकीची मुलं वाढली की फरक मिटतो. तोपर्यंत 'स्टार' मुलाच्या डोक्यावर अपेक्षांचं ओझं बसलेलं असतं.

पालकांनी काय विचारावं?

- अकादमी किंवा क्लब जे सांगतोय, ते लेखी मिळेल का?
- फी, राहणं आणि प्रवासाचा खर्च कोण करणार, किती वर्षं?
- दुखापत झाली किंवा फॉर्म गेला तर काय?
- दहावी-बारावीचा अभ्यास कसा सांभाळणार?

आणि आपण? रील जरूर शेअर करा, मुलाचं कौतुकही करा. फक्त 'पुढचा सचिन' लिहिण्याआधी एवढं लक्षात ठेवा की ती कमेंट तो मुलगाही वाचणार आहे, आणि पुढच्या मॅचमध्ये तो शून्यावरही बाद होऊ शकतो.