लॅटिनची धातुसाधित विशेषणे

लॅटिन धातूपासून धातुसाधित विशेषणे चार बनतात. ‘अमो’ (मी प्रेम करतो) हे क्रियापद घेऊ. अमान्स म्हणजे प्रेम करणारा, अमातुस म्हणजे ज्याच्यावर प्रेम केले गेले तो, अमातूरुस म्हणजे प्रेम करण्याच्या बेतात असलेला आणि अमन्दुस म्हणजे प्रेम करण्याजोगा. शेवटची तीन साध्या विशेषणांसारखी चालतात: अमातुस, अमाता, अमातुम.

खरी मेख पहिल्यात आहे. प्रथमा एकवचनी तिन्ही लिंगांत अमान्सच. षष्ठीत दडलेला ‘त’ वर येतो आणि अमन्तिस होते. पुढची रूपे तिसऱ्या विभक्तिवर्गाची. पंचमी एकवचनात निव्वळ विशेषण असेल तर ‘अमन्ती’, क्रियेचा अर्थ जागा असेल तर ‘अमन्ते’. ‘जाणे’चे इएन्स, षष्ठीत एउन्तिस, हे पाठच करावे लागते.

संस्कृत शिकलेल्यांना हे परके वाटू नये. संस्कृत भरन्, भरन्तम् आणि लॅटिन फेरेन्स, फेरेन्तेम ही रूपे एकाच मूळ धातूची.

मराठीत सहज येणारे ‘जिंकून’ मात्र लॅटिनला सहसा जमत नाही, कारण भूतकालीन कर्तरी विशेषणच नाही. मग ‘उर्बे कप्ता’, म्हणजे ‘शहर जिंकले गेले असता’, अशी रचना करतात. आपली सतिसप्तमीच ही, फक्त विभक्ती पंचमी. अपवाद रूपाने कर्मणी पण अर्थाने कर्तरी असलेल्या क्रियापदांचा: होर्तातुस म्हणजे ज्याला उत्तेजन दिले गेले तो नव्हे, ज्याने उत्तेजन दिले तो.