सात रांजण आणि एक गाव

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी जेजुरीहून पुढे निघाली की पुरंदर तालुक्यातल्या वाल्हे गावी मुक्कामाला येते. हे गाव वाल्या कोळ्याचे, अशी पिढ्यानपिढ्यांची श्रद्धा आहे. वाटसरूला गाठायचे, लुटायचे, मारायचे आणि प्रत्येक खुनामागे एक खडा रांजणात टाकायचा, असा वाल्याचा परिपाठ. असे सात रांजण भरले, हे ऐकतच महाराष्ट्रातली मुले मोठी होतात. पुढे नारद भेटतो, वाल्या तपाला बसतो, अंगावर वारूळ चढते आणि वाल्याचा वाल्मीकी होतो. कथा आपल्याला इतकी पाठ आहे की तिच्यातला एक प्रश्न आपण विचारतच नाही. वाल्मीकी झाल्यावर त्या सात रांजणांचे काय झाले? खडे तर कुणी बाहेर काढले नव्हते. मेलेले वाटसरू परत आले नव्हते. माणूस बदलतो हे मान्य केले, तरी त्याने आधी केलेल्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. आज हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या ठिकाणी, तरुण मुलांच्या संगणकाच्या पडद्यावर, पुन्हा उभा राहिला आहे.

‘फॉलआउट’ ही व्हिडिओ गेमची मालिका १९९७ मध्ये सुरू झाली. २०७७ साली अणुयुद्ध होऊन जग बेचिराख झाले आणि त्यानंतर उरलेली माणसे उजाड मुलखात कशीबशी जगत आहेत, अशी तिची कल्पना. तिथे कोर्टकचेऱ्या नाहीत, शुद्ध पाण्याला सोन्याचे मोल आहे आणि वाटमारी हा अनेकांचा धंदा आहे. त्या मुलखात भटकताना लुटायचे की मदत करायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. २००८ च्या ‘फॉलआउट ३’मध्ये त्याच्या वागण्याचा हिशेब ठेवणारा एक आकडा आहे आणि त्याचे नाव आपल्या ओळखीचे आहे, ते म्हणजे कर्म. या गेममध्ये मेगाटन नावाची, भंगाराच्या पत्र्यांतून उभी राहिलेली एक वस्ती लागते. तिच्या मधोमध न फुटलेला अणुबॉम्ब पडलेला आहे. पैसे घेऊन तो उडवून देता येतो. वस्ती माणसांसकट नाहीशी होते आणि कर्माचा आकडा एकदम खाली कोसळतो. मात्र दुसऱ्या एका वस्तीच्या दाराशी तहानेने व्याकूळ झालेला भिकारी बसलेला असतो. त्याला पाण्याची बाटली दिली की आकडा थोडा चढतो. आणखी एक दिली की आणखी चढतो. अशा बाटल्या वाटत राहिले, तर एक अख्खे गाव उडवणारा माणूस काही वेळाने पुण्यवानांत जमा होतो.

म्हणजे या गेमने रांजणातले खडे काढायची सोय करून दिली. ही सोय मनाला पटत नाही, कारण तिच्यात मेगाटनच्या माणसांना जागाच नाही. त्यांचा हिशेब भलत्याच कुणाला पाणी पाजून मिटतो. दोन वर्षांनी, २०१० मध्ये आलेल्या ‘फॉलआउट : न्यू वेगास’च्या कर्त्यांनी कर्माचा आकडा ठेवला, पण त्याच्या शेजारी दुसरी एक मोजदाद मांडली. तिथे प्रत्येक वस्तीच्या मनात तुमची कीर्ती वेगळी साठते आणि अपकीर्ती वेगळी. चांगले केले म्हणून वाईट पुसले जात नाही; लोक दोन्ही लक्षात ठेवतात आणि दोन्ही लक्षात ठेवूनच तुमच्याशी वागतात. एकाऐवजी दोन रांजण झाले, आणि हा हिशेब माणसांच्या जगाला पुष्कळ जवळचा आहे.

याच गेमच्या ‘ऑनेस्ट हार्ट्स’ या २०११ मधल्या जोडभागात जोशुआ ग्रॅहम भेटतो. मूळचा हा धर्मप्रचारक. पुढे तो एका क्रूर टोळीसम्राटाचा सेनापती झाला आणि त्याने टोळ्याच्या टोळ्या गुलामीत ढकलल्या. एक मोठी लढाई हरल्यावर त्याच सम्राटाने त्याच्या अंगाला डांबर फासून, पेटवून त्याला दरीत फेकले. तो वाचला. सर्वांगाला पट्ट्या गुंडाळलेला ग्रॅहम आपल्या जुन्या गावी, न्यू कॅननला, परत गेला आणि गावाने त्याला आत घेतले. त्याची किंमत गावाला मोजावी लागली. सम्राटाची मर्जी मिळवू पाहणाऱ्या एका टोळीने पुढे न्यू कॅनन उद्ध्वस्त केले. कथेच्या अखेरीस त्या टोळीचा म्होरक्या ग्रॅहमसमोर गुडघ्यांवर आहे आणि ग्रॅहमच्या हातात पिस्तूल आहे. त्याने सूड घ्यावा की हात आवरावा, हे खेळणाऱ्याच्या शब्दांवर ठरते. इथे पाण्याची बाटली कामाला येत नाही. ग्रॅहमला पुन्हा माणसांत येता आले ते त्याच्या पश्चात्तापामुळे, हे खरेच. पण गावाने दार उघडले नसते तर तो पश्चात्ताप दरीतच राहिला असता. गुन्हेगाराची सुधारणा पूर्ण व्हायला तिघे लागतात : बदलू पाहणारा माणूस, त्याच्यावर विश्वास टाकणारा कुणीतरी आणि त्याला आत घेणारे गाव. पहिल्याबद्दल आपण भरभरून बोलतो, दुसऱ्याचे कौतुक करतो आणि तिसऱ्याची पाळी आली की गप्प होतो.

काल्पनिक जगातला हा निष्कर्ष महाराष्ट्रात प्रत्यक्ष करून पाहिलेला आहे. सध्याच्या सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळच्या कोरड्या माणदेशात, १९३९ साली औंध संस्थानाने स्वतंत्रपूर वसवले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवायला निघालेले, आणि त्यांच्या सोबतीला मॉरिस फ्रीडमन हे गांधीविचाराने भारावलेले पोलिश अभियंते. फ्रीडमन यांच्या पुढाकाराने कैद्यांना भिंतीबाहेर काढून जमिनीवर वसवण्याचा प्रयोग सुरू झाला. शिक्षा झालेल्या माणसाच्या हातात नांगर द्यायचा आणि त्याला बायकामुलांसह राहू द्यायचे, ही त्यातली विलक्षण गोष्ट. संध्याकाळी चूल पेटलेली असते, पोराला शाळेची वही हवी असते, शेतातल्या पिकाला उद्या पाणी द्यायचे असते. पळून जाण्यापासून माणसाला अडवायला या गोष्टी कुंपणापेक्षा कमी पडत नाहीत. हाच प्रयोग माणदेशातल्याच ग. दि. माडगूळकरांच्या कथेतून आणि व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनातून १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ म्हणून पडद्यावर आला आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. चित्रपटातला जेलर सहा खुन्यांना ओसाड जमिनीवर नेतो. त्या जेलरच्या प्रेमळ डोळ्यांची आठवण सगळ्यांना असते. पण कथेची खरी कसोटी बाजारात लागते. कैदी आपली भाजी रास्त भावात विकायला बसतात, तिथल्या व्यापाऱ्याच्या पोटात दुखते, त्याची माणसे त्यांना मारहाण करतात आणि दिलेल्या शब्दाखातर कैदी हात उगारत नाहीत. गुन्हेगार सुधारलेला असतो. त्याला सामावून घ्यायला बाजार अजून तयार नसतो.

पुण्याला ही गोष्ट परकी नाही. येरवड्याचे कारागृह १८७१ सालचे. आज त्याच्या उंच भिंतींच्या जोडीला तिथे खुले कारागृहही आहे. बंदिस्त तुरुंगात शिक्षेचा काही काळ चांगल्या वर्तणुकीने काढलेल्या कैद्यांना निवडून तिथे पाठवतात. ते शेतात आणि इतर कामांवर राबतात, त्यांना शिक्षेत जास्त माफी मिळते. भिंतींच्या आतही बदल घडू शकतो, याची एक खूण २०२३ मध्ये दिसली. कैद्यांच्या आंतरखंडीय ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत येरवड्याच्या संघाने सुवर्णपदक मिळवले. बुद्धिबळात चाल करण्याआधी समोरच्याचा विचार करावा लागतो, आणि रागाच्या भरात केलेली चाल परत घेता येत नाही. तुरुंगात हे शिकणाऱ्या माणसाला बाहेर आल्यावर एखादी चाल तरी खेळायला मिळते का, हे मात्र बाहेरच्यांनी ठरवायचे असते. तुरुंगाच्या नियमांनाही हे कळलेले आहे. संचित रजा किंवा अभिवचन रजा मागणाऱ्या कैद्याला नुसते स्वतःचे वचन पुरत नाही. त्याची हमी घेणारा नातेवाईक लागतो, गावच्या पोलिसांचा अहवाल लागतो. तुझ्यासाठी कोण उभे राहील, हा प्रश्न सरकारच कैद्याला विचारते.

तो प्रश्न सुटकेनंतर अधिक टोकदार होतो. पुण्यात भाड्याने खोली घ्यायची तर भाडेकरूची माहिती पोलिसांकडे जाते, सुरक्षारक्षकाची नोकरी हवी तर चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. अणुयुद्धानंतरच्या जगात दफ्तरे जळून गेलेली असतात, म्हणून तिथल्या दरोडेखोराला नव्या मुलखात नव्याने सुरुवात करता येते. आपल्या जगात दफ्तर सुटलेल्या माणसाच्या आधी पोचते. आणि दफ्तराची ताकद काय असते, हे महाराष्ट्राने चांगले भोगले आहे. येरवड्याचा तुरुंग उभा राहिला त्याच १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आणला. कसलाही गुन्हा न केलेले मूल जन्मतःच गुन्हेगार ठरू लागले. सोलापुरात तर अशा जमातींना तारेच्या कुंपणात कोंडले गेले. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ हे साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले आत्मकथन त्या शिक्क्याखालच्या जगण्याची साक्ष आहे. ज्याला चोरीशिवाय दुसरा धंदा करूच दिला जात नाही, त्याला तू बदलत का नाहीस, असे विचारणे हा अन्याय आहे.

गावाने दार उघडावे, या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा की खुल्या कारागृहात निवडूनच माणसे पाठवतात, तेव्हा तिथे सगळे सुरळीत चालते याचे नवल ते काय? आक्षेप रास्त आहे. स्वतंत्रपूर पाहून प्रत्येक कैद्याला मोकळे सोडा, असे कुणी म्हणू नये. पण निवड होते याचाच अर्थ असा की विश्वास डोळस असू शकतो. तो थोडा थोडा देता येतो, पारखता येतो, मोडला तर काढून घेता येतो. दुसरा आक्षेप धोक्याचा. सुटून आलेल्याने पुन्हा गुन्हा केला तर? पण कैदी सुटणार की नाही, हा पर्याय बहुतेक वेळा आपल्यापुढे नसतोच. शिक्षा संपली की माणूस बाहेर येतो. जन्मठेपेचे अनेक कैदीही चौदा वर्षांनंतर माफी मिळून येतात. तो हमीदार आणि काम असलेला येतो की दाराशी कुणी नसलेला, एवढेच आपल्या हाती असते. एकाकी, बेकार माणूस जुन्या साथीदारांकडे वळण्याची शक्यता जास्त, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. म्हणजे दार लावून घेणारे गाव स्वतःचा धोका वाढवत असते.

सगळ्यांत वजनदार आक्षेप पीडितांचा आहे. ज्या आईचा मुलगा गेला, तिला कुणाच्या सुधारणेशी काय देणेघेणे? तिने क्षमा करावी अशी अपेक्षा धरण्याचा अधिकार कुणालाही नाही. ‘फॉलआउट ३’मधली पाण्याची बाटली खटकते ती यामुळेच : तिथे एकाचे देणे दुसऱ्याला चुकते केले जाते. म्हणून दोन रांजणांचा हिशेब स्वीकारायला हवा. क्षमा करायची की नाही हे पीडिताने ठरवावे. काम आणि निवारा द्यायचा की नाही हे समाजाने ठरवावे. आणि दुसरा निर्णय पहिल्यावर अडकवून ठेवू नये. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांना रास्त मजुरी मिळावी आणि तिच्यातला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढावा, असे सांगितले तेव्हा याच दिशेने पाऊल पडले होते. कैद्याच्या घामातून त्याचे पुनर्वसन आणि पीडिताची भरपाई, दोन्ही एकाच वेळी साधता येतात.

जुना शिक्का पुसणे कायद्याला नवखे नाही. २०१५ चा बालन्याय कायदा, गंभीर गुन्ह्यांचे काही अपवाद सोडता, मुलांवरचा शिक्का पुसतो. त्यांच्या अपराधाची कागदपत्रे ठरावीक काळाने नष्ट करायला सांगतो. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्यानुसार अनेक प्रौढांच्या शिक्षाही ठरावीक वर्षे निर्दोष वागणुकीत गेल्यावर मागे पडतात आणि बहुतेक नोकऱ्यांत त्या सांगाव्या लागत नाहीत. आपल्याकडे प्रौढांसाठी अशी सर्वसाधारण तरतूद नाही. ती करावी, लहान मुलांशी किंवा दुबळ्यांशी संबंध येणारी कामे वगळून करावी. तोवर जे कायद्याशिवाय जमते ते करावे. कारखानदाराने अर्जातला जुना गुन्हा वाचल्यावर अर्ज बाजूला टाकण्याआधी तो कधीचा आणि कसला, एवढे विचारावे. सोसायटीने भाडेकरूच्या आजच्या वागणुकीची चौकशी करावी.

वाल्ह्याच्या कथेकडे शेवटी पुन्हा वळायला हवे. वाल्याच्या पापात वाटा घ्यायला बायकोमुलांनी नकार दिला आणि तो एकटाच वारुळात बसला, हे आपण सांगतो. पण रामायणात वाल्मीकीचे सर्वांत मोठे काम त्यानंतरचे आहे. लोकापवादामुळे राजाने रानात सोडलेल्या गरोदर सीतेला आसरा कुणी दिला? अयोध्येतल्या एकाही निष्कलंक घराचे दार तिच्यासाठी उघडले नाही. ते उघडले सात रांजण भरलेल्या माणसाने. लव-कुश त्याच्या अंगणात वाढले. बाहेर टाकले जाणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक होते, त्यानेच टाकलेल्या जिवाला जागा दिली. ज्याला एकदा आत घेतले तो उद्या कुणाला आत घेईल, हे आज सांगता येत नाही. पण दारच उघडले नाही, तर तो आश्रमही उभा राहत नाही.