बारावीचे जीवशास्त्र : गाळलेली पायरी

बारावीच्या जीवशास्त्राची परीक्षा जवळ आली की आपल्याकडील कित्येक घरांत तीन भाषा एकत्र नांदू लागतात. पुस्तक इंग्रजी, शिकवणी हिंदीतून वा गुजरातीतून, आणि आजोबांची विचारपूस मराठीत. इंदूरचा नातू ‘गुणसूत्र’ म्हणतो, बडोद्याची नात ‘रंगसूत्र’; मराठीला दोन्ही शब्द परिचित आहेत. तेव्हा शब्दांची फारशी चिंता नको. उत्तर अडते ते बहुधा कारणांच्या साखळीतील एखादी कडी निसटल्यामुळे.

‘अपत्याचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर अवलंबून असते, स्पष्ट करा’ हा नेहमीचा प्रश्न घ्या. ‘पित्याजवळ एक्स व वाय असतात’ एवढे लिहून मुले थांबतात. विधान खरे, पण ते उत्तर नव्हे. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. त्यांपैकी २२ जोड्या स्त्रीपुरुषांत सारख्याच. तेविसावी जोडी स्त्रीत एक्स-एक्स, तर पुरुषात एक्स-वाय. अर्धसूत्री विभाजनात प्रत्येक जोडी विभक्त होते, ही ती गाळली जाणारी पायरी! त्यामुळे प्रत्येक अंडपेशीत एक्सच येतो. शुक्रपेशींपैकी निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. फलन कोणत्या शुक्रपेशीने झाले, यावर सारे ठरते.

नेटी स्टीव्हन्स या विदुषीने १९०५ साली एका भुंगेऱ्याच्या पेशींत हा भेद दाखवून दिला. शतकाहून अधिक काळ लोटला, तरी मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरे आहेतच. तेथे परीक्षार्थी मुलाने हे उत्तर मोठ्याने वाचावे! मात्र दोष आता पित्याच्या माथी मारणेही अशास्त्रीय होय. कोणती शुक्रपेशी पोहोचेल हे त्याच्या हाती नसते, आणि आधीच्या तीन मुलींमुळे चौथ्या वेळची शक्यताही बदलत नाही.

शक्यतेचा हा अर्थ न कळल्याने मेंडेलच्या ३:१ या प्रमाणाचीही गल्लत होते. त्याच्या १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात गोल वाटाणे ५,४७४ व सुरकुतलेले १,८५० आहेत, प्रमाण २.९६ : १. चार अपत्यांच्या कुटुंबात ते तंतोतंत उतरेलच असे नाही.

रंगांधत्वाचे उदाहरण तर हमखास येते : माता वाहक, पिता निर्दोष. ‘रंगांध अपत्याची शक्यता किती?’ असे विचारले तर २५ टक्के; ‘पुत्र रंगांध असण्याची?’ असे विचारले तर ५० टक्के. दोन्ही उत्तरे बरोबर, प्रश्न मात्र निराळे. पुत्राला एक्स मातेकडूनच मिळतो, हे वाक्य आधी लिहावे. मग चौकोन काढावा, आणि टक्केवारी सर्व अपत्यांची की केवळ पुत्रांची, हे तिच्याशेजारीच शब्दांत नोंदवावे.